चॅपरल मृदा, वालुकामय

चॅपरल मृदा, वालुकामय : कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ भागात, चॅपरल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सदापर्णी व कठीण पानांच्या झुडुपांखाली, तीव्र उतारांवर आढळणारी उथळ, भरड पोताची व अल्पविकसित मृदा. ती मुख्यत्वे ग्रॅनाइट व तत्सम स्फटिकी खडकांपासून आणि काही ठिकाणी वाळूखडकापासून तयार होते. शेतीच्या दृष्टीने तिला फारसे मोल नाही. परंतु ज्या डोंगरांवर ती आहे, त्यांच्या पायथ्याशी लॉस अँजेल्ससारखी महानगरे वसलेली असल्यामुळे तिचे स्थैर्य हा लक्षावधी लोकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरला आहे. ही मृदा स्वतःच्या बळावर उतारावर टिकून राहत नाही. वर वाढणारी झुडुपे व खालचा कुजलेला खडक यांनी तिला धरून ठेवलेले असते आणि यांपैकी झुडुपांचा आधार आगीमुळे वा मानवी हस्तक्षेपामुळे सुटला, की ती अल्पावधीत डोंगर सोडून खाली येते. [⟶ मृदा].

नाव व वनस्पतिसमूह : ‘चापारो’ हा झुडपी ओक वृक्षाचा वाचक स्पॅनिश शब्द असून त्याचे मूळ बास्क भाषेत सांगतात. अशा झुडुपांची दाटी जेथे असते ते स्थळ म्हणजे चापाराल. त्यावरून इंग्रजीत चॅपरल ही संज्ञा रूढ झाली. या काटेरी दाटीतून घोडा नेताना मांड्यांना इजा होऊ नये म्हणून गुराखी जी चामडी आवरणे वापरीत, त्यांचे नावही याच शब्दापासून आलेले आहे. चमीज (शास्त्रीय नाव ॲडेनोस्टोमा फॅसिक्युलेटम), आर्क्टोस्टॅफिलॉस प्रजातीतील मॅन्झानिटा, सिॲनोथस प्रजातीतील अनेक जाती, झुडपी ओक व टॉयॉन ह्या या समूहातील प्रमुख वनस्पती होत. त्यांची उंची सर्वसाधारणपणे १ ते ४ मी. असते. पाने लहान, जाड व मेणचट असतात. त्यामुळे बाष्पोच्छ्‌वासाने होणारी पाण्याची हानी कमी होते; मात्र याच मेणाचा व तत्सम द्रव्यांचा मृदेच्या गुणधर्मांवर दूरगामी परिणाम होतो. भूमध्य समुद्राभोवतालचे माकी, चिलीतील मातोराल, दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातील फिनबॉस आणि नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील झुडुपवने हे चॅपरलशी साम्य असणारे वनस्पतिसमूह आहेत. मात्र फिनबॉस व ऑस्ट्रेलियातील झुडुपवने यांखालील मृदा बहुधा अतिशय प्राचीन व पोषकद्रव्यांनी निःसत्त्व झालेल्या असतात. कॅलिफोर्नियातील मृदा त्या मानाने तरुण आहेत. ज्या पर्वतांवर त्या आहेत ते अद्याप उंचावत असून जुनी माती वाहून जाऊन नवा खडक सतत उघडा पडत असतो.

जलवायुमान : या प्रदेशाचे जलवायुमान भूमध्य सामुद्रिक प्रकारचे आहे. पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल या थंड महिन्यांत पडतो आणि उन्हाळा जवळजवळ पूर्णपणे कोरडा जातो. मॉन्सूनच्या प्रदेशात उष्णता व आर्द्रता एकाच ऋतूत एकत्र येतात आणि खडकाचे रासायनिक विघटन व वनस्पतींची वाढ ही दोन्ही वेगाने होतात. येथे स्थिती उलट असते. पाणी असते तेव्हा उष्णता कमी आणि उष्णता असते तेव्हा पाणी नाही, यामुळे खडकाची रासायनिक झीज व जैव पदार्थांचे कुजणे ही दोन्ही मंद गतीने चालतात. सान गॅब्रिएल पर्वतातील सान दिमास या प्रायोगिक वनक्षेत्रात वार्षिक सरासरी पाऊस सु. ७०० मिमी. आहे, तथापि वर्षावर्षांतील तफावत मोठी असते आणि वर्षभराच्या पावसाचा मोठा वाटा कधीकधी दोनतीन वादळांतच पडून जातो. शरद ऋतूत अंतर्भागातील वाळवंटाकडून समुद्राकडे ‘सांता आना’ नावाचे अतिशुष्क व वेगवान वारे वाहतात. या सुमारास झुडुपांतील ओलावा किमान असतो. त्यामुळे सर्वांत विध्वंसक आगी बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर लागतात आणि जळून उघडी पडलेली मृदा लगेच पावसाला सामोरी जाते.

मूळ खडक व मृदानिर्मिती : लॉस अँजेल्सच्या उत्तरेस साधारणपणे पूर्व-पश्चिम पसरलेला सान गॅब्रिएल पर्वत हा या मृदेचा एक नमुनेदार प्रदेश होय. त्याचे सर्वोच्च शिखर (सान अंतोनियो) ३,०६८ मी. उंच आहे. विभंगांवरील हालचालींमुळे या पर्वताचे उत्थान आजही चालू असून त्यातील खडक तडकलेले व चुरडलेले आहेत. अनेक ठिकाणी उतार ३०° हून अधिक आहेत. ग्रॅनाइट, ग्रॅनोडायोराइट, डायोराइट व पट्टिताश्म हे येथील प्रमुख खडक होत.

ग्रॅनाइटाच्या विघटनाची सुरुवात त्यातील कृष्णाभ्रक या खनिजापासून होते. पाणी व ऑक्सिजन यांच्या क्रियेने कृष्णाभ्रकाचे पापुद्रे फुगतात आणि त्या दाबाने आजूबाजूच्या क्वॉर्ट्‌झ व फेल्स्पार या खनिजांच्या कणांमध्ये सूक्ष्म चिरा पडतात. परिणामी खडकाची मूळ ठेवण डोळ्यांना जशीच्या तशी दिसत असली, तरी तो हाताने कुस्करण्याइतका ठिसूळ होतो. मराठीत ज्याला मुरूम म्हणतात त्याच्याशी या कुजलेल्या खडकाची तुलना करता येईल. मात्र आपल्याकडील मुरूम बहुधा बेसाल्टापासून झालेला असतो. बेसाल्टाचे पुढील विघटन होऊन चिकण माती तयार होते, तर ग्रॅनाइटातील क्वॉर्ट्‌झ रासायनिक दृष्ट्या जवळजवळ अविकारी असल्याने त्याची वाळूच राहते. म्हणून या डोंगरांवरील मृदा मूलतः वालुकामय असते.

मृदाछेद : अबाधित चॅपरलखालील नमुनेदार छेदात पृष्ठभागावर काही सेंमी. जाडीचा पालापाचोळ्याचा थर असतो. सूक्ष्मजंतूंची क्रिया उन्हाळ्यात पाण्याअभावी आणि हिवाळ्यात थंडीमुळे मंदावते. शिवाय पाने कठीण असल्याने हा थर सावकाश कुजतो. त्याखाली साधारणपणे ५ ते १५ सेंमी. जाडीचा, ह्यूमसमुळे किंचित काळपट दिसणारा करडा-तपकिरी थर असतो. त्याची संरचना कणमय व सैल असते. त्याच्या खाली फिकट तपकिरी, जवळजवळ संरचनाहीन, खडीमिश्रित रेताड थर असून तो क्रमशः मुरमात मिसळून जातो. चिकण मातीचा स्वतंत्र, स्पष्ट थर बहुधा आढळत नाही. तो तयार होण्यास माती एका जागी दीर्घकाळ स्थिर राहावी लागते आणि तीव्र उतारावर तेवढी सवड तिला मिळत नाही. मृदेची जाडी जागोजाग बदलते. माथ्यावर व बहिर्गोल उतारांवर ती जेमतेम २० ते ३० सेंमी. असते, तर खोलगट भागांत वरून घरंगळत आलेली माती साठून ती मीटरभर वा अधिक होते. दक्षिण कॅलिफोर्नियात विस्तृत प्रमाणावर आढळणाऱ्या ‘सिएनेबा’ या मृदामालिकेत कुजलेला ग्रॅनाइट सामान्यतः ५० सेंमी.च्या आतच लागतो.

भौतिक गुणधर्म : या मृदांचा पोत रेताड पोयट्यापासून खडीयुक्त भरड वाळूपर्यंत असतो. चिकण कणांचे प्रमाण अल्प असल्याने कणांना परस्परांशी बांधून ठेवणारे बळ फार थोडे असते. कोरड्या स्थितीत तर ते जवळजवळ नसतेच. मोठ्या रंध्रांमुळे पाणी झपाट्याने मुरते आणि तितक्याच झपाट्याने खाली निघून जाते. त्यामुळे अबाधित चॅपरलच्या उतारावर जोरदार पावसातही पृष्ठभागावरून फारसे पाणी वाहत नाही. मात्र पाणी धरून ठेवण्याची क्षमता कमी असते. मीटरभर जाडीच्या अशा मातीत वनस्पतींना उपलब्ध होऊ शकणारे पाणी ५० ते १०० मिमी. इतकेच असते. पाच-सहा महिन्यांच्या कोरड्या काळात सदापर्णी झुडुपांना एवढे पाणी पुरणे शक्य नाही.

ही तूट खालचा मुरूम भरून काढतो. कुजलेल्या खडकातील सूक्ष्म चिरांत हिवाळ्यातील पाणी साठते आणि तो थर अनेक मीटर जाड असल्याने एकूण साठा मोठा होतो. झुडुपांची मुळे सांध्यांतून व भेगांतून त्यात उतरतात. सान गॅब्रिएल पर्वतात रस्त्यांसाठी कापलेल्या कड्यांवरून व उत्खननांवरून केलेल्या पाहणीत चमीज व झुडपी ओक यांची मुळे ७ ते ८ मी. खोलीपर्यंत गेलेली आढळली. म्हणून या ठिकाणी मृदा कोठे संपते व खडक कोठे सुरू होतो हा केवळ व्याख्येचा प्रश्न ठरतो. वनस्पतीच्या दृष्टीने मुरूम हा मृदेचाच भाग असतो. ही खोल मुळे उथळ मातीला खडकाशी जखडून ठेवण्याचे कामही करतात.

रासायनिक व जैव गुणधर्म : मृदेचे पीएच मूल्य साधारणपणे ५·५ ते ७ च्या दरम्यान, म्हणजे किंचित अम्लीय ते उदासीन असते. पाऊस बेताचा असल्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारख्या क्षारकांचे निक्षालन मर्यादित राहते आणि फेल्स्पार व अभ्रक यांच्या विघटनातून त्यांची भर पडत राहते. चिकण कण व ह्यूमस कमी असल्यामुळे ही द्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता मात्र बेताचीच असते. नायट्रोजनाची उणीव ही या मृदेची मुख्य मर्यादा होय. ती काही अंशी सिॲनोथसासारखी झुडुपे भरून काढतात. त्यांच्या मुळांवरील गाठींत फ्रँकिया हे सूक्ष्मजीव राहतात व हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करतात. बहुतेक झुडुपांच्या मुळांशी कवकांचे सहजीवन असते. ही कवके विरळ असलेले फॉस्फरस व पाणी मुळांपर्यंत पोहोचवितात आणि त्यांच्या तंतूंमुळे वाळूचे कण एकमेकांशी विणले जातात.

वनस्पती व मृदा यांचे परस्परसंबंध : कोणत्या गोष्टीमुळे कोणता फरक पडला हे नैसर्गिक उतारांवर ठरविणे अवघड असते, कारण खडक, उतार, पाऊस व वनस्पती हे सर्वच घटक एकाच वेळी बदलतात. अमेरिकेच्या वनसेवा खात्याने सान दिमास येथील सु. ७,००० हे. प्रायोगिक वनक्षेत्रात १९३७ मध्ये उभारलेल्या मोठ्या लायसीमीटरांमुळे या अडचणीवर मात करता आली. लायसीमीटर म्हणजे मृदेतून झिरपणारे पाणी मोजण्यासाठी बांधलेली टाकी. सु. २ मी. खोलीच्या या टाक्या एकाच ठिकाणच्या, नीट मिसळून एकजीव केलेल्या रेताड पोयट्याने भरण्यात आल्या आणि १९४६ मध्ये त्यांत झुडपी ओक, चमीज, सिॲनोथस, कोल्टर पाइन इ. वनस्पतींची एकेका जातीप्रमाणे लागवड करण्यात आली. मूळ हेतू पाण्याचा हिशेब मांडण्याचा होता; पण खडक, उतार, काळ व हवामान सारखे आणि केवळ वनस्पती वेगळी, असा मृदानिर्मितीचा एक दुर्मिळ प्रयोगच त्यातून आपोआप सिद्ध झाला.

लागवडीनंतर सु. चार दशकांनी मृदाशास्त्रज्ञांनी या टाक्यांतील मातीची तपासणी केली. तीत झुडपी ओकाखाली ७ सेंमी. जाडीचा काळपट पृष्ठथर तयार झालेला आढळला व तो जवळजवळ सर्वस्वी गांडुळांच्या विष्ठेचा बनलेला होता. गांडुळे खालची माती सतत वर आणीत असल्याने चिकण कणही वरच राहिले होते. कोल्टर पाइनखाली गांडुळे नव्हती. तेथे काळपट थर केवळ १ सेंमी.च्या सुमारास होता आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली गेलेले चिकण कण वालुकाकणांवर साचून निक्षेपथराची सुरुवात झालेली दिसली. मृदेतील थर तयार होण्यास हजारो वर्षे लागतात, असा सर्वसाधारण समज आहे. वालुकामय मृदेच्या बाबतीत वनस्पती व तिच्या आश्रयाने राहणारे प्राणी एका मानवी पिढीच्या काळातही स्पष्ट फरक घडवू शकतात, असे या प्रयोगाने दाखवून दिले.

वाळूखडकावरील मृदा : मृदा वनस्पतींची निवड कशी करते याचे उलट बाजूचे उदाहरण मध्य कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ परगण्यात मिळते. तेथील काही टेकड्या मायोसीन कल्पातील सागरी वाळूखडकाच्या (सांता मार्गारीता शैलसमूह) असून त्यांवर ‘झायांते’ नावाची, जवळजवळ निव्वळ वाळूची मृदा आहे. भोवतालच्या पोयट्याच्या जमिनीवर रेडवुडचे उंच वृक्ष वाढतात. पाऊस दोहोंकडे सारखाच असूनही वाळूच्या टेकडीवर मात्र रेडवुड तग धरू शकत नाही व तेथे चॅपरल आणि विरळ पाइन आढळतात. रुपेरी पानांचा एक मॅन्झानिटा (आर्क्टोस्टॅफिलॉस सिल्व्हिकोला) तर या वाळूपुरताच मर्यादित आहे. अर्थात, चॅपरल केवळ कमी पावसामुळे येते असे नव्हे. पाणी न धरणारी मृदाही पावसाळी प्रदेशात लहानसा कोरडा प्रदेश निर्माण करू शकते. बांधकामाच्या व अन्य उपयोगाच्या वाळूसाठी झालेल्या खाणकामामुळे या टेकड्यांचा बराच भाग नष्ट झाला असून उरलेल्या क्षेत्राला संरक्षणाची गरज निर्माण झाली आहे.

कोरडी घरंगळ : सैल वाळू ज्या कमाल कोनात स्थिर राहू शकते तो कोन ३०° ते ३५° असतो. सान गॅब्रिएल पर्वतातील अनेक उतार त्याहून तीव्र आहेत. अशा उतारांवर पाऊस नसतानाही वाळू व खडी आपल्याच वजनाने कण कण करीत खाली घरंगळतात. झुडुपांची खोडे व त्यांमागे साठलेला पालापाचोळा हे लहान लहान बांधांसारखे काम करून ही वाळू अडवितात. आग लागून खोडे व पाचोळा जळून गेले की त्यांमागे अनेक वर्षे साठलेली वाळू एकदम मोकळी होते. आग विझत असतानाच उतारांवरून वाळूचे ओघळ वाहू लागल्याचे अनेकदा दिसून येते. ही माती दऱ्यांच्या तळाशी व ओढ्यांच्या पात्रांत साठून राहते. पहिला मोठा पाऊस पडण्यापूर्वीच पुढील विनाशाची सामग्री अशा रीतीने तयार झालेली असते.

आग व जलप्रतिकर्षण : नैसर्गिक स्थितीत चॅपरलमध्ये साधारणपणे ३० ते १०० वर्षांच्या किंवा त्याहूनही दीर्घ अंतराने मोठी आग लागते. चमीजासारखी झुडुपे जमिनीलगतच्या गाठाळ बुंध्यातून पुन्हा फुटतात, तर सिॲनोथसाच्या अनेक जातींचे बी आगीच्या उष्णतेनेच रुजण्यास सज्ज होते. वनस्पतिसमूह या दृष्टीने आगीशी जुळवून घेतलेला असतो. मृदेला मात्र आगीनंतरची पहिली काही वर्षे धोक्याची असतात.

पानांतील मेणे व कवकांपासून निर्माण होणारी काही द्रव्ये पाचोळ्याखालच्या मातीत साठून तिला मुळातच थोडा जलप्रतिकर्षी गुण देतात. आगीत पृष्ठभागाचे तापमान कित्येक शेकडा अंशांपर्यंत चढते. कोरडी वाळू उष्णतेची मंदवाहक असल्याने काही सेंमी. खाली मात्र ते २००° से.च्या आत राहते. या तापमानभेदामुळे वरच्या थरातील मेणचट द्रव्यांची वाफ होऊन ती खाली जाते व थंड कणांवर गोठते. एल्. एफ्. डीबानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात सान दिमास परिसरात केलेल्या संशोधनाने ही क्रिया स्पष्ट झाली. माती १७५° से. पेक्षा कमी तापल्यास फारसा बदल होत नाही, १७५° ते २००° से. या टप्प्यात जलप्रतिकर्षण तीव्र होते आणि २८०° ते ४००° से. तापमानास ही द्रव्ये नाश पावतात. म्हणून आगीनंतर वर राख व भिजणारी सैल माती, तिच्याखाली पाणी न शिरू देणारा थर आणि त्याखाली पुन्हा मूळची माती, अशी तिहेरी रचना तयार होते. वालुकामय मृदेत हा परिणाम विशेष तीव्र असतो. कारण भरड कणांचे एकूण पृष्ठफळ कमी असल्याने थोड्याशा मेणानेही ते सर्व माखले जातात. चिकण मातीत तेवढेच मेण अफाट पृष्ठफळावर विखुरले जाते.

हा गुण ओळखण्याची कसोटी साधी आहे. कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब ठेवला असता तो पाच सेकंदांहून अधिक काळ न मुरता राहिला, तर ती माती जलप्रतिकर्षी समजतात. मुळे, प्राणी व ओलावा यांच्या क्रियेने हा थर काही महिन्यांत वा फार तर काही वर्षांत विरत जातो.

आगीनंतरचे लोंढे : जळालेल्या उतारावर पाऊस पडला म्हणजे वरची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर माती भिजून संपृक्त होते, खालच्या थरावरून घसरते आणि उतारभर लहान लहान घळी पडतात. एरवी जो उतार जवळजवळ सर्व पाऊस मुरवून घेतो, तोच आता छपरासारखे पाणी सोडू लागतो. हे पाणी दरीत साठलेल्या वाळूला व धोंड्यांना घेऊन चिखलाच्या दाट लोंढ्याच्या रूपाने खाली धावते. ओल्या सिमेंट काँक्रीटसारख्या या मिश्रणात मोठमोठे धोंडेही तरंगल्यासारखे वाहत येतात. डोंगराच्या तोंडाशी असलेली पंख्याच्या आकाराची मैदाने अशाच लोंढ्यांनी हजारो वर्षांत घडविलेली आहेत आणि उपनगरांची वस्ती नेमकी त्यांवरच पसरली आहे.

नोव्हेंबर १९३३ मध्ये सान गॅब्रिएलच्या पायथ्याशी असलेल्या ला क्रेसेंटा खोऱ्यावरील उतार जळाले. त्या वर्षाच्या अखेरीस सलग पाऊस झाला आणि १ जानेवारी १९३४ च्या सुमारास मध्यरात्री आलेल्या लोंढ्यांनी माँट्रोझ व आसपासच्या वस्त्यांत ४० हून अधिक माणसांचा बळी घेतला. या दुर्घटनेनंतर दऱ्यांच्या तोंडाशी राडारोडा अडविणारी कुंडे बांधण्याच्या कामास मोठी चालना मिळाली. लॉस अँजेल्स परगण्यात आज अशी शंभराहून अधिक कुंडे असून ती वेळोवेळी उपसावी लागतात. डिसेंबर २०१७ मधील टॉमस आगीत व्हेंचुरा व सांता बार्बरा परगण्यांतील सु. १,१४,००० हे. क्षेत्र जळाले. पुढे ९ जानेवारी २०१८ रोजी पहाटे माँटेसीटो या गावावरील सांता यनेझ पर्वतात पाच मिनिटांत सु. १३ मिमी. इतका तीव्र पाऊस झाला व वाळूखडकाच्या धोंड्यांसह आलेल्या लोंढ्यांत २३ जण मरण पावले. आग व पाऊस यांतील अंतर दोन्ही घटनांत काही आठवड्यांचेच होते.

गवताचा प्रयोग : जुलै १९६० मध्ये सान दिमास वनक्षेत्राचा बहुतेक भाग जळाला. चॅपरलपेक्षा गवत कमी पाणी वापरते, म्हणून झुडुपांऐवजी गवत लावल्यास ओढ्यांना अधिक पाणी मिळेल व आगीचा धोकाही घटेल, या अपेक्षेने त्यानंतर तेथील काही पाणलोट क्षेत्रांत गवताची लागवड करून झुडुपे पुन्हा वाढू दिली नाहीत. ओढ्यांचे पाणी काही अंशी वाढलेही. परंतु १९६५ ते १९६९ या काळातील मोठ्या पावसांत गवताच्या उतारांवर मातीचे थर सुटून घसरण्याचे प्रमाण झुडुपांच्या उतारांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे आढळले. गवताची मुळे उथळ असून ती मुरमापर्यंत पोहोचत नाहीत. झुडुपांची जुनी खोल मुळे कुजून गेल्यावर माती व खडक यांमधील बंध तुटला होता. शिवाय गवताने न वापरलेले पाणी मातीतच राहिल्याने ती लवकर संपृक्त होऊन जड झाली. जे पाणी नफा म्हणून मोजले गेले होते, त्याची किंमत उताराने चुकविली.

आग लागलेल्या उतारांवर विमानांतून व हेलिकॉप्टरांतून राय गवताचे बी पेरण्याची पद्धतही अनेक दशके प्रचलित होती. पहिल्या जोरदार पावसापूर्वी गवत पुरेसे उगवत नाही आणि जेथे चांगले उगवते तेथे ते झुडुपांच्या रोपांना दडपून टाकते, असा अनुभव आल्याने ती पुढे बरीच मागे पडली. आता गवताचा हा प्रश्न नव्या स्वरूपात उभा आहे. मानवी कारणांनी लागणाऱ्या आगी वारंवार होऊ लागल्या, तर बियांवरच अवलंबून असलेल्या झुडुपांना पुन्हा बी धरण्याइतका अवधी मिळत नाही. त्यांच्या जागी परदेशी वार्षिक गवते पसरतात. ती लवकर वाळतात व लवकर पेटतात आणि चॅपरल कायमचे नाहीसे होऊन उताराचा खोल आधार जातो.

वर्गीकरण : अमेरिकेत १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मृदावर्गीकरण पद्धतीनुसार यांतील बहुतेक मृदा एंटिसॉल व इन्सेप्टिसॉल या अल्पविकसित मृदांच्या गणांत मोडतात. मुरमावरील उथळ मृदांचा समावेश झेरॉर्थेंट, निव्वळ वाळूच्या मृदांचा झेरोसॅमेंट, तर थोडा विकसित मध्यथर असलेल्या मृदांचा हॅप्लोझेरेप्ट या महागटांत होतो. या नावांतील ‘झेर’ हा घटक कोरडा या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला असून ओला हिवाळा व कोरडा उन्हाळा असणारी मृदाजलस्थिती तो दर्शवितो. मंद उतारांवर व जुन्या स्थिर पृष्ठभागांवर चॅपरलखालीच चिकण थर असलेल्या अधिक विकसित मृदाही आढळतात.

उपयोग व संधारण : उथळपणा, तीव्र उतार व अल्प जलधारणा यांमुळे ही मृदा लागवडीस अयोग्य आहे. पाणलोट क्षेत्र म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे. हिवाळ्यातील पाऊस मुरवून घेऊन तो मुरमातून व भेगांतून खालच्या भूजलसाठ्यांना व ओढ्यांना पोहोचविण्याचे काम ती करते. तिच्या संधारणासाठी बांधबंदिस्ती वा समतल चर यांसारखे शेतजमिनीवरील उपाय तीव्र व सैल उतारांमुळे फारसे उपयोगी पडत नाहीत. झुडुपांचे आच्छादन टिकविणे, आगीनंतर त्यांना पुन्हा फुटण्यास व रुजण्यास पुरेसा काळ देणे, अनावश्यक रस्ते व सपाटीकरण टाळणे, जळालेल्या उतारांखालच्या वस्त्यांना पावसापूर्वी सावध करणे आणि दऱ्यांच्या तोंडाशी नवी वस्ती होऊ न देणे, हेच मुख्य उपाय ठरतात. उतार एकदा उघडा पडून माती निघून गेली, तर मुरमापासून तेवढीच नवी माती तयार होण्यास लागणारा काळ मानवी आयुर्मानाच्या कितीतरी पट मोठा असतो.